पडद्याच्या कोपऱ्यातली गोगलगाय

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १९ जानेवारी २०२६

देवेश,

रविवार, दिनांक १८ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात, भरल्या खुर्च्यांसमोर माझी अब्रू गेली. ती तू घालवलीस. पत्राच्या सुरुवातीचा आशीर्वाद मुद्दाम वगळला आहे. विसरलेले नाही.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू हात जोडलेलं पिवळं चित्र पाठवून मोकळा होशील. म्हणून टपालाने लिहिते आहे. उत्तरही टपालानेच हवं, आणि हाताने लिहिलेलं.

झालं ते असं. आमच्या गल्लीत अमृता नावाची मुलगी कॉम्प्युटरचे क्लास घेते. तिने संघातल्या लोकांसाठी 'जुने खेळ' म्हणून एक दुपार ठरवली. क्लासची चार मशीन आणून मांडली आणि त्यांवर आपल्या काळातले खेळ घातले. त्यात माझा विटांचा खेळ होता. वरून वेड्यावाकड्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून खाली सलग रांग लावायची. रांग भरली की ती गायब, आणि विटा वरपर्यंत साचल्या की खेळ खलास. तुला सांगायला नको. वाळूजच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी तो खेळत असे तेव्हा अख्खं अकाउंट्स माझ्या खुर्चीमागे उभं राहायचं.

मी संघात तीन आठवडे सांगत होते की या वयातही मला त्यात कुणी हरवू शकत नाही. वृत्तपत्राच्या टेबलावर सांगितलं, योगासनांच्या वर्गात सांगितलं. करमाडचे साहेबराव, शेतीखात्यातून निवृत्त झालेले, त्यांना तर मी म्हटलं, "तुम्ही आधी माऊस कुठल्या बाजूने धरायचा ते शिका."

साहेबराव आधी खेळले. बरे खेळले. मग मी बसले. विटा अशा कोसळल्या की वर कुणी डंपर उलटा केला असावा. मी चष्मा सारखा करेपर्यंत खेळ संपला. पुन्हा बसले, पुन्हा तेच. तेव्हा मी उठून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की या मशीनमध्ये कुणीतरी हात घातला आहे. इंग्रजीत म्हणाले. राग आला की मला इंग्रजी येतं, ही कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अगाथांची कृपा.

अमृता म्हणाली, "काकू, मशीन ठीक आहे. काका पण ह्याच्यावरच खेळले ना आत्ता."

मी म्हणाले, "मग काकांसाठी ठीक ठेवलं असशील."

ती पोरगी पांढरी पडली. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, थांबा, माझा लॅपटॉप आणते आणि दाखवते सगळ्यांना. रिक्षा करून घरी गेले, लॅपटॉप घेऊन आले, आणि मीच, देवेश, मीच तो त्यांच्या मोठ्या पडद्याला जोडायला लावला. पाच चाळीस झाले होते. समोरच घड्याळ होतं.

पहिली वीट निघाली. ती वीट खाली पोचेपर्यंत एक माणूस खोकून, पाणी पिऊन, पुन्हा जागेवर येऊन बसला असता. मग साहेबराव म्हणाले, "बाई, ह्या विटा हायेत का सावरीचा कापूस? पडायल्यात का तरंगायल्यात?"

सभागृह हसलं. अमृता हसली नाही, ते जास्त लागलं. तिने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या गोगलगायीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "काकू, हे कुणी टाकून दिलं तुम्हाला? ह्यानं खेळाचा वेग कमी होतो."

ती गोगलगाय मी कित्येक वर्षं बघते आहे. मला वाटायचं, व्हायरस पकडणारं काहीतरी असेल.

या लॅपटॉपला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. गोगलगाय कुणी ठेवली, का ठेवली आणि मला का सांगितलं नाही, याचं उत्तर महिनाअखेरीपर्यंत यावं.

अनसूया वैजापूरकर
(आत्या हे नातं सध्या स्थगित)


पुणे
२५ जानेवारी २०२६

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

अक्षराला हसू नकोस. ऑफिसात मी फक्त सही करतो, तीही आता बोटाने स्क्रीनवर. हे पत्र लिहिताना बोटं दुखली, सईने बँकेतून आल्यावर शेजारी बसून शुद्धलेखन तपासलं.

गोगलगाय मीच ठेवली. पण तू समजतेस तसं ते काही नाही. तो खेळ बनला तेव्हाची मशीन मंद होती, आणि खेळाला वेळ मोजता येत नाही, तो मशीनच्या वेगावर धावतो. कंपनीने मोडीत काढलेला तो कॉम्प्युटर तू रिक्षात मांडीवर घेऊन आलीस, आठवतं? तेव्हा मी अजिंठ्याहून नुकताच तुझ्याकडे शिकायला आलो होतो. तू बाबांना सांगितलंस की पोराला अंगठ्याएवढ्या अक्षरात पाढे लिहायला लावण्यापेक्षा हे शिकू दे. हिरवी अक्षरं, कुर्रर्र करणारी फ्लॉपी, कडेला भोकं असलेला प्रिंटरचा कागद. त्या कडा फाडून मी साखळ्या करायचो. तो कॉम्प्युटर शेवटी बंद पडला तेव्हा मी तुझा खेळ लॅपटॉपवर आणला. चालवून पाहिला तर वीट दिसायच्या आतच खेळ संपत होता. नवं मशीन त्या खेळाला फार वेगवान.

मग शोधाशोध केली आणि ही गोगलगाय सापडली. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने पूर्वी कधीतरी लिहिलेली, इतकीशी. काम एकच, मशीनला मागे खेचणं. पैसे मागत नाही. फक्त लिहिलंय की हे उपयोगी पडलं तर तुमच्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा. आत्या, तेव्हाची माणसं अशी होती. आता साधं गजराचं ॲप घेतलं तरी ते तुझी जन्मतारीख मागतं. मी त्या माणसाला मकबऱ्याचं पोस्टकार्ड पाठवलं होतं. पोचलं का कुणास ठाऊक.

तर वेग तोच ठेवलेला, वाळूजच्या मशीनवर होता तो. अमृताच्या मशीनवरच काहीतरी वेगळं असेल. तिला विचार. आणि साहेबराव काकांचं मनावर घेऊ नकोस. हरलो की मी रडायचो आणि तू म्हणायचीस, "हरलास तर हर. हरणाऱ्याला निदान कुठं चुकलं ते कळतं." मला एकदाही जिंकू दिलं नाहीस तू.

नातं पूर्ववत करावं ही विनंती.

तुझा
देवेश


समर्थनगर
शनिवार, ३१ जानेवारी २०२६

देवेश,

तुझं पत्र मिळालं. वाचून मला इतकं बरं वाटलं की मी ते पर्समध्ये घालून सरळ अमृताच्या क्लासला गेले. तिच्यासमोर उभं राहून तुझा तो परिच्छेद मोठ्याने वाचला. "अमृताच्या मशीनवरच काहीतरी वेगळं असेल." समोर दहा-बारा मुलं टायपिंग करत होती, तीही थांबली.

अमृताने स्वतःचं मशीन वळवून दाखवलं. तिथेही गोगलगाय. तिनेही तीच शोधून काढली होती, त्याच कारणासाठी. त्या गोगलगायीवर टिचकी मारली की एक पट्टी उघडते आणि पट्टीवर एक खूण असते. जुन्या मशीनचा वेग कुठे येतो ते तिने घड्याळ लावून तपासलेलं होतं. मग तिने माझा लॅपटॉप उघडला. माझी खूण तिच्या खुणेच्या खूप खाली होती, देवेश. जिन्याच्या पायऱ्या उतरत तळघरात गेल्यासारखी.

"काकू," ती म्हणाली, "तुमच्या भाच्यानं सुरुवातीला बरोबर लावलं असेल. नंतर कधी तरी हललं असेल."

स्वतः होऊन हलतं का, मी विचारलं. ती म्हणाली, नाही.

म्हणजे ज्या मुलीला मी भर सभेत लबाड म्हटलं, तिच्याच दारात जाऊन, तुझं पत्र फडकावून, दुसऱ्यांदा लबाड म्हटलं. आणि लबाड निघाला तू. पहिल्या वेळची लाज एकट्या माझी होती. ही तू हाताने लिहून, तिकीट लावून पाठवलीस.

घरी येऊन मी खूण तिच्या सांगण्याप्रमाणे वर सरकवली आणि खेळले. रोज खेळते आहे. जमत नाही. उजवा हात ऐकतो. डाव्याला सांगितलेलं उशिरा पोचतं, पूर्वीच्या ट्रंक कॉलसारखं. मी वीट फिरव म्हणते आणि तो फिरवतो तेव्हा वीट बसलेली असते. थंडी आहे. यंदा थंडी फारच लांबली.

साहेबराव येऊन गेले. करमाडच्या शेतातला हुरडा आणला होता, पितळी डब्यात. म्हणाले, "बाई, म्या जरा जास्तच बोललो. लई हसले लोक. राग धरू नका." मी म्हणाले, हुरडा ठेवा आणि राग घेऊन जा. ते हसले आणि तिथेच ओट्यावर बसून लसणाच्या चटणीसोबत अर्धा हुरडा त्यांनीच संपवला. जाताना म्हणाले, "संघात यायला लागा. तुमच्याबिगर पेपराचं टेबल गप पडलंय." मी जाणार नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

आता माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. तू आणि सई, पुण्याच्या घरात, जेवताना. तू म्हणतोस, आत्याची गोगलगाय अजून एक पायरी खाली केली. आणि दोघं हसता. आयुष्यात मी कुणाची दया घेतली नाही. बोनससाठी साहेबांपुढे उभी राहिले नाही. म्हातारपणी ती माझ्या नकळत, माझ्याच टेबलावर, माझ्याच खेळात मला वाढली गेली.

खरं लिही. नाहीतर लिहूच नकोस.

अनसूया वैजापूरकर


पुणे
७ फेब्रुवारी २०२६

ती. आत्याबाईंना सई हिचा साष्टांग नमस्कार.

देवेशने कागद समोर ठेवलाय. चार दिवस 'ती. आत्यास' एवढंच लिहून बसलाय. म्हणून मी लिहिते, त्याला सांगूनच.

आधी ते चित्र पुसून टाका, आमच्या जेवणाचं. मला गोगलगायीचं काहीच माहीत नव्हतं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी त्याला विचारलं, आणि तो उठून गॅलरीत गेला. हसलं कुणी नाही, आत्याबाई.

त्याने वेग कमी केला हे खरं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. का ते त्यालाच सांगू दे. मला दुसरंच काहीतरी लिहायचंय आणि ते कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

मी बँकेत चेक पास करते. रोज शेकडो सह्या बघते. म्हाताऱ्या माणसांच्या सह्या थरथरतात, ते आम्हाला ओळखू येतं. पण काहींच्या थरथरत नाहीत, बारीक होत जातात. दरवर्षी थोडी बारीक. शेवटी फॉर्मवरच्या जुन्या सहीपुढे नवी ठेवली तर मुंगी वाटते. अशा एका आजोबांना आम्ही तीनदा परत पाठवलं होतं, सही जुळत नाही म्हणून. मग त्यांच्या मुलीने येऊन सांगितलं की त्यांना मेंदूचा एक आजार निघालाय, हात आणि चाल दोन्ही मंद करणारा.

आमच्या लग्नात तुम्ही दिलेलं पत्र माझ्याकडे आहे. कॉन्व्हेंटचं टपोरं अक्षर, पाहणाऱ्याने हेवा करावा असं. तुमची ही दोन पत्रं मी त्याच्याशेजारी ठेवली. प्रत्येक ओळ मोठी सुरू होते आणि उजवीकडे जाता जाता बारीक होते. पानाच्या खालच्या ओळी मला भिंग घेऊन वाचाव्या लागल्या. 'तळघर' हा शब्द तर मी अंदाजाने लावला.

माझं चुकत असेल. चुकत असलं तर मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. पण एकदा डॉक्टरांना दाखवा. डाव्या हाताचं तुम्ही लिहिलंय ते थंडीचं नाही, असं मला वाटतं. मी रजा टाकून येते तुमच्यासोबत.

तुमची
सई


समर्थनगर
१२ फेब्रुवारी २०२६

सई,

पत्र पोचलं. मी कागद वाचवते म्हणून अक्षर बारीक काढते. ज्या घरात नळाला आठवड्याने पाणी येतं तिथे माणूस सगळंच जपून वापरतो. तुम्हा पुणेकरांना ते कळायचं नाही. बँकेत सह्या बघितल्याने कुणी डॉक्टर होत नाही.

तू येऊ नकोस. माझी मी जाऊ शकते, जायचं असेल तर.

अनसूया वैजापूरकर

ता. क. लग्नातलं पत्र परत पाठव. मला फक्त बघायचं आहे. पाहून परत करीन.


पुणे
१९ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,

नमस्कार. सोबत तू लग्नात सईला दिलेलं पत्र पाठवतोय, आणि शेजारी ठेवून बघायला तुझी जानेवारीतली दोन पत्रंही. जपून पाठवलंय, पुठ्ठा घालून.

तू खरं लिही म्हणालीस. तर हे खरं.

गोगलगाय बसवली तेव्हा वेग वाळूजचाच होता. ते मी खोटं लिहिलं नव्हतं. मग एकदा मी आलो होतो, तू माझ्यासमोर खेळायला बसलीस आणि हरलीस. पुन्हा हरलीस. तू लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलंस आणि म्हणालीस, "हे मशीन बिघडलंय. बघ जरा." मी बघितलं. मशीनला काही झालेलं नव्हतं. मी तुझ्या हाताकडे बघितलं. आत्या, मी दहावीला होतो तेव्हा तू फोनवर साहेबांशी बोलत बोलत न बघता टाइप करायचीस, मी त्या बोटांकडे बघत बसायचो. ती बोटं मला पाठ आहेत. ती नव्हती ही.

मी काय बोलणार होतो? तू म्हणालीस मशीन बिघडलंय, मी मशीन दुरुस्त केलं. खूण थोडी खाली ओढली. तू जिंकलीस आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. पुढच्या वेळी आलो तेव्हा तू परत म्हणालीस, बिघडलंय. मी परत दुरुस्त केलं. असं होत गेलं. प्रत्येक वेळी वाटायचं, हे शेवटचं. तुला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तुझे हात चालत नाहीत? मला माझ्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. दया वगैरे नव्हती ती. मी घाबरलो होतो.

आणि अमृतावर ढकललं, त्याची तर लाज सांगता येत नाही. मी तिला पत्र लिहिलंय.

डॉक्टरांकडे जा. शिव्या दे, पण जा.

देवेश


समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, ९ मार्च २०२६

चि. देवेश यास आशीर्वाद.

लग्नातलं पत्र मी तू पाठवलेल्या जानेवारीतल्या दोन पत्रांशेजारी ठेवून बघितलं. मग भिंग शोधलं. सईला सांग, तिचं चुकलं नव्हतं. मी तिला जे लिहिलं ते मागे घेते, पाण्याचं सोडून. पाणी खरंच येत नाही.

गुरुवारी जालना रोडवरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. एकटी जाणार होते, पण साहेबराव रिक्षा घेऊन दारात उभे. म्हणाले, "मला तिकडंच जायचंय." तिकडं त्यांचं काही नव्हतं. बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसून राहिले.

डॉक्टर तुझ्याहून लहान दिसतात. त्यांनी मला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला लावली. उजवी बरी आपटली. डावी सुरू झाली आणि आपटता आपटता थांबायला लागली, चावी संपलेल्या खेळण्यासारखी. मला दारापर्यंत चालायला लावलं, वळायला लावलं. एक ओळ लिहायला सांगितली. मी लिहिली, आणि माझ्याच डोळ्यांसमोर ती बारीक होत गेली. कंपवात आहे म्हणाले. मी म्हटलं, पण माझे हात कापत नाहीत. तर म्हणाले, काहींचे कापत नाहीत, नुसते मंद होतात; म्हणूनच उशिरा लक्षात येतं.

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

मी म्हणाले, दोन महिने. थंडी पडल्यापासून.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजी, नीट आठवा. हे दोन महिन्यांचं नाही दिसत. घरी कुणाच्या लक्षात आलं होतं का आधी? किती हळू किंवा किती लवकर वाढत गेलं, त्यावर बरंच अवलंबून आहे." आणि मी, जिने पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा सांभाळल्या, साहेबांच्या बायकोचा वाढदिवससुद्धा जिला विचारून साजरा व्हायचा, ती स्वतःच्या हाताबद्दल विचारल्यावर अभ्यास न करता आलेल्या मुलीसारखी छताकडे बघत बसले. मला माहीत नाही, देवेश. मला खरंच माहीत नाही. कारण जेव्हा जेव्हा माझा हात मागे पडला तेव्हा तेव्हा तू सगळा खेळ मागे आणून माझ्या शेजारी उभा केलास. मी हरलेच नाही, तर मला कळणार कसं?

मी तुला एकदाही जिंकू दिलं नाही, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. तू पहिल्यांदा जिंकलास तेव्हा तो विजय तुझा होता. गल्लीभर सांगत फिरलास. मला माझी हार हवी होती. ती मला वेळेवर मिळाली असती तर मी डॉक्टरांच्या बाकावर आधीच जाऊन बसले असते. तू घाबरलास हे मला समजतं. पण तू माझ्यासाठी घाबरलास आणि मला न सांगता. माझी भीती माझ्या वाट्याला यायला हवी होती.

आता माझं. मशीन बिघडलंय असं मीच म्हणाले. दर वेळी. तू पत्रात लिहिलंस तेव्हा आठवलं. मी म्हणताना मला ते खरं वाटत होतं का, हे मी स्वतःला विचारते आहे आणि उत्तर चांगलं येत नाही.

काल रविवारी संघात गेले. सभागृहात उभी राहिले आणि अमृताची माफी मागितली. मराठीत मागितली. तिची मशीन बरोबर होती, बिघडलेली मी होते, असं म्हणाले. कुणी हसलं नाही. अमृता उठून आली आणि माझा डावा हात धरून उभी राहिली. मला तो सोडवून घ्यावासा वाटला, पण तेवढ्या चपळाईने तो निघेना. मागून साहेबराव म्हणाले, "बसा आता, चहा गार व्हायलाय."

गोगलगाय मी काढलेली नाही. ती वाळूजच्या खुणेवर ठेवली आहे आणि तिथेच राहील. रोज सकाळी गोळी घेऊन तासाभराने खेळते. हरते. कुठे हरले ते लक्षात ठेवते. खूण पुन्हा कुणी हलवली तर त्याला या घराचा उंबरा बंद.

हे पत्र तुला वाचता येत असेल. सईला दाखव. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पेन्सिलीने रेघा आखून घेतल्या आहेत, वर एक आणि खाली एक, पहिलीतल्या मुलांसारख्या. अक्षर दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे असा नियम आहे. सिस्टर अगाथा हातावर पट्टी मारून हेच शिकवायच्या. मी सत्तरीत पुन्हा पहिलीत बसले आहे, आणि पानभर लिहायला दोन दिवस लागले.

डॉक्टरांनी सोमवार, २३ मार्चला परत बोलावलं आहे आणि तेच विचारणार आहेत. त्याचं उत्तर जगात एकट्या तुझ्याकडे आहे. म्हणून तू मला लिहून दे: मी पहिल्यांदा मशीन बिघडलंय म्हणाले ते कधी, महालक्ष्म्यांना आला होतास तेव्हा की दिवाळीला, कोणत्या वर्षी. त्यानंतर दर वेळी कधी, आणि खूण किती खाली. हात कसे दिसत होते तेही. काही गाळायचं नाही, काही गोड करायचं नाही, आणि आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिहायचं. पाडव्याला दोघं येणार असाल तर पत्र हातात आणून द्या. तोंडी सांगितलेलं मी धरणार नाही. येणार नसाल तर शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते माझ्या दारात पोचलं पाहिजे. हाताने लिहिलेलं. आणि मोठ्या अक्षरात.

तुझी आत्या
अनसूया